चोवीस तास पाणी आणि चार कॅन

प्रवासाला निघालेली माणसं हॉटेल निवडताना काय बघतात, मला ठाऊक नाही. कुणी गादी दाबून बघत असेल, कुणी खिडकीचा पडदा सरकवून बाहेर काय दिसतं ते. आम्ही लातूरची माणसं त्या उन्हाळ्यात आधी नळ सोडून बघायचो. पाणी आलं तर दर विचारायचा, आणि दर ऐकून झाल्यावर पुन्हा एकदा नळ सोडून बघायचा, कारण मधल्या वेळात पाणी गेलेलं असू शकतं. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच उन्हाळ्यात आम्हाला सहलीला जायची दुर्बुद्धी सुचली. ज्यांना भोकरकडं जायचं असेल त्यांनी हे वाचावं आणि मग काय ते ठरवावं.

आम्ही म्हणजे तिघं. मी शाळेत शिकवते. माझे पती शिवराज यांचं गंजगोलाईच्या बाजारात वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. आमची मुलगी गौरी तेव्हा पाचवीत होती. स्कॉलरशिपची परीक्षा नीट दिलीस तर पार्कला नेऊ, असं आम्ही तिला दिवाळीतच कबूल करून बसलो होतो. नांदेडच्या पुढं, भोकर रस्त्याला नवीन पार्क झालं होतं. पाळणे, डायनासोर, पाण्याच्या घसरगुंड्या, सगळं होतं म्हणे. दिवाळीत नळाला दहा-बारा दिवसांनी का होईना पाणी येत होतं, त्यामुळं कबूल करताना जड गेलं नाही. परीक्षा झाली तोवर नळ हा शोभेपुरता उरला होता आणि आम्ही टँकरवर आलो होतो.

गौरीला घसरगुंडी हवी होती. मला काय हवं होतं तेही सांगून टाकते. माझे केस गुडघ्यापर्यंत आहेत. मिरवण्यासाठी सांगत नाही असं लिहिणार होते, पण खरं म्हणजे मिरवण्यासाठीच सांगते. एवढे केस धुवायला दोन बादल्या पाणी लागतं, कधी अडीच. टँकरच्या पाण्यात स्वयंपाक, पिणं, भांडी आणि संडास भागवून दोन बादल्या डोक्यावर ओतायच्या म्हणजे घरातल्यांच्या तोंडचं पाणी ओतण्यासारखं होतं. वीस-बावीस दिवस माझ्या डोक्यावरून पाणी गेलं नव्हतं. गल्लीतल्या बायका एकेक करून केस कापून मोकळ्या झाल्या होत्या. मीही पार्लरवाल्या ताईकडं सोमवारची वेळ घेतली आणि घरात जाहीर केलं, की सहलीत एकदा जरी मनासारखं न्हायला मिळालं तर केस ठेवीन, नाहीतर सोमवारी कात्री. गौरी रडली. शिवराजांनी पेपर उलटला आणि दुसऱ्या पानावर वाचायला लागले. त्या पेपर उलटण्याचा मला किती राग आला, ते मी आजही सांगू शकते.

शनिवार, लातूर ते भोकर

पहाटे निघालो. आदल्या रात्री मी केसांना चपचपीत तेल लावलं होतं. म्हणजे आता माघार नव्हती. तेल लावलेलं डोकं धुतलंच पाहिजे.

अहमदपूरला स्टँडसमोर नाश्त्याला थांबलो. सुशीला गरम होता, वर शेंगदाणे सढळ हातानं घातलेले होते. मुरमुऱ्याचा असा सुशीला पुण्याकडच्या माणसाला कितीही समजावून सांगितला तरी तो त्याला उपम्याचा गरीब भाऊच समजतो. प्लेटा कागदाच्या होत्या, कारण धुवायला पाणी नाही. पाण्याचे ग्लास पालथे घातलेले होते आणि जो मागेल त्याला अर्धा ग्लास मिळत होता. कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. हात पुसायला रुमाल काढावा म्हणून मी गाडीची डिकी उघडली, तर आमच्या बॅगांच्या मागं, चादरीखाली, वीस-वीस लिटरचे चार रिकामे कॅन.

"हे कशाला घेतलेत?" मी विचारलं.

"असू दे. वाटेत लागतात," शिवराज म्हणाले.

त्या दिवसांत लातूरचा माणूस घराबाहेर पडताना चप्पल विसरेल पण कॅन विसरणार नाही, म्हणून मी पुढं काही बोलले नाही. तिथंच बोलले असते तर पुढचं रामायण टळलं असतं.

नांदेड ओलांडल्यावर एका टपरीवर चहाला उतरलो. टपरीवाल्यानं गिऱ्हाइकांच्या उष्ट्या ग्लासांतलं उरलेलं पाणी एका मगात गोळा केलं आणि धूळ बसावी म्हणून सपकन रस्त्यावर फेकलं. गौरी "काका!" म्हणून एवढ्यानं ओरडली, की त्याच्या हातून मग पडला. त्याला वाटलं पोरीला काही चावलं. शिवराजांनी "लातूरहून आलो" एवढंच सांगितलं. तो माणूस ओशाळून म्हणाला, "आमच्याकडं पण लई न्हाई हो साहेब, पर रस्त्यावर मारायची सवय लागली." आम्ही चहा पिऊन निघालो, पण गौरी मागच्या काचेतून तो ओला डाग दिसेनासा होईपर्यंत बघत होती.

शनिवार, चार हॉटेलं

शिवराजांचा हॉटेलचा हिशोब सरळ होता. पार्कपासून जवळ, दर मध्यम, पाणी भरपूर. यातलं कुठलंही एक मिळतं, फार तर दोन मिळतात. तिन्ही एकत्र मिळतात ही समजूत त्यांनी कुठून आणली होती कोण जाणे.

पहिलं हॉटेल पार्कच्या फाटकासमोरच होतं. स्वच्छ, दर परवडणारा, काउंटरवर एक हसतमुख मॅनेजर. मी मनातल्या मनात अंघोळीला गेलेसुद्धा. मॅनेजरनं रजिस्टर पुढं केलं आणि सहज म्हणून काचेतून बाहेर आमच्या गाडीकडं बघितलं. रजिस्टर परत मागं ओढलं.

"गाडी चोवीसची हाय ना?"

एम. एच. चोवीस म्हणजे लातूर. नांदेडची गाडी सव्वीसची. लपवण्यासारखं काहीच नव्हतं.

"मग रूम न्हाई साहेब. राग मानू नका. मागच्या हप्त्यात तुमच्या गावची एक फॅमिली आलती. माणसं दोन आन् कपड्यांची गाठोडी सात. गोधड्या धुतल्या हो त्यांनी माझ्या बाथरूमात! गच्चीवर वाळत घातल्या. लोकाला वाटलं मी लाँड्री काढली."

"आम्ही फक्त पार्क बघायला आलोय," मी म्हणाले.

"ते पण तेच म्हणले होते ताई."

आमच्याकडं गोधड्या नव्हत्या. पण मी मान खाली घातली, कारण बॅगेत दोन बेडशीट आणि गौरीचे शाळेचे दोन गणवेश मीही कोंबलेच होते.

दुसरं हॉटेल नवंकोरं होतं, चार मजली. दारातच बोर्ड होता, त्यावर हॉटेलच्या नावाखाली "होणाऱ्या जिल्ह्यातील पहिले भव्य हॉटेल" असं लिहिलेलं. त्या दिवसांत नव्या जिल्ह्यांच्या याद्या सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होत्या. एका यादीत उदगीर, दुसरीत किनवट, तिसरीत आणखी कुणी. जो तो आपल्या गावाचं नाव घालून यादी पुढं पाठवायचा. या हॉटेलच्या शेठनं मात्र यादीवर विश्वास ठेवून चार मजले चढवले होते.

दर ऐकून शिवराजांनी खुर्ची धरली. "शेठ, हा तालुक्याचा दर नाही."

"जिल्ह्याचा हाय," शेठ शांतपणे म्हणाले. "कलेक्टर हापीस आलं की येवढ्यातबी मिळायचं न्हाई. आज हाय तर घेऊन टाका."

मी सरळ बाथरूममध्ये गेले. भिंतभर निळ्या टाइल्स, चकचकीत नळ, डोक्यावर ताटाएवढा शॉवर. नळ सोडला. आत काहीतरी खोकल्यासारखं वाजलं आणि हवा आली.

"जिल्हा झाला की पाइपलाइन येऊन राहिली," शेठ दारातून म्हणाले. "तवर टँकर सांगावा लागतो, पैसे वायले."

तिसरी जागा म्हणजे बसस्टँडच्या मागची एक जुनी लॉज. आठ खोल्या, मागं फरशी घातलेलं अंगण, एका कोपऱ्यात बोअर आणि त्याच्याशेजारी लिंबाचं झाड. मालकीण साठीच्या पुढची, कपाळावर भस्माची तीन बोटं, गळ्यात चांदीच्या डबीतलं इष्टलिंग. सगळे तिला अक्का म्हणत होते. माहेर उदगीरचं, असं तिनंच पहिल्या दोन मिनिटांत सांगितलं. शिवराजांचा चेहरा उजळला. त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढून आपल्याही गळ्यातलं लिंग दिसेल असं केलं आणि लिंगायतांच्या रीतीचा नमस्कार करत, हात जोडून म्हणाले, "शरणार्थी अक्का. आम्ही पण आपल्यातलेच."

"शरणार्थी," अक्का म्हणाली. "माणशी दोन बादल्या. कपडे धुवायचे न्हाईत. पाणी भायेर न्यायचं न्हाई."

"सकाळची पूजा असते अक्का, अंघोळीशिवाय होत नाही. तुम्ही तर जाणता. दोनाच्या तीन बादल्या करा."

"शिव समद्यांचा हाय. बोअर माझा एकटीचा हाय."

मला ती बाई आवडली. खोली स्वच्छ होती, दर ठीक होता, आणि आमच्या तिघांच्या मिळून सहा बादल्या म्हणजे माझं डोकं धुऊन वर चार. मी शिवराजांना खूण केली. पण शिवराजांना "पाणी बाहेर न्यायचं नाही" हे टोचलं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. ते म्हणाले, "मोजून पाणी वापरायला लातूर काय वाईट होतं?" आणि आम्ही बाहेर पडलो. मी दारात वळून बघितलं. अक्का आमच्याकडं बघत नव्हती, ती बोअरच्या नळाला कुलूप घालत होती.

चौथ्या हॉटेलच्या बोर्डावर लाल अक्षरात "२४ तास पाणी" असं होतं. पार्कपासून चार किलोमीटर. गाद्यांना खड्डे, भिंतीवर पालीचं एक आणि तिच्या पिल्लांचं एक अशी दोन वेगळी बिऱ्हाडं, आणि खिडकी उघडली की समोर ट्रक दुरुस्तीचं गॅरेज. मॅनेजरनं गाडी बघितली, चोवीस बघितले, आणि दर थोडा वाढवून सांगितला. पण नळाला पाणी होतं. धो धो. मी नळ बंद करून परत सोडला, तरी होतं. आम्ही खोली घेतली.

"डोकं उद्या सकाळी धुते," मी म्हणाले. "आत्ता पार्क बंद होईल."

शनिवार दुपार, पार्क

तिकीटखिडकीवर कागद चिकटवला होता. पाणीटंचाईमुळे पाण्याचे खेळ बंद, कोरडे खेळ चालू. तिकिटाचा दर तोच होता. मी खिडकीतल्या माणसाला विचारलं, अर्धे खेळ बंद तर तिकीट पूर्ण कसं? तो म्हणाला, "ताई, पाणी नसलं तरी घसरगुंडी बघायला तर मिळून राहिली." आत गेलो.

लाटांचा तलाव कोरडा होता. त्याच्या निळ्या तळाशी प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून एक जण उसाचा रस विकत होता. आम्ही पायऱ्या उतरून तलावाच्या खोल भागात बसलो आणि रस प्यायलो. शेजारी एक गृहस्थ पोहायच्या चड्डीवर बसले होते. बहुधा नांदेडहून घरूनच तयार होऊन आले असावेत, आणि आता कपडे घालावेत की नाही हे त्यांचं ठरत नव्हतं. मोठ्या घसरगुंडीवर मुलांना पोत्यावर बसवून सोडत होते. अर्ध्यावर पोतं अडकायचं आणि मूल तिथंच बसून आईला हाका मारायचं. गौरी दोनदा अडकली. दुसऱ्या वेळी तिला काढायला शिवराज खालून चढले आणि त्यांच्या पँटचा गुडघा फाटला.

सगळ्यात कहर म्हणजे कोरडा रेन डान्स. मांडव तोच, वर फवाऱ्याचे पाइप तेच, गाणी जोरात. पाणी तेवढं नाही. माइकवरचा माणूस ओरडत होता, "हात वर करा, पाऊस आला, पाऊस आला!" आणि तीस-चाळीस मुलं उन्हातान्हात हात वर करून नाचत होती. मला त्या माणसाची भयंकर चीड आली. वाटलं, जाऊन माइक हिसकावून घ्यावा. पण गौरी मधोमध उभी राहून तोंड वर करून, डोळे मिटून नाचत होती, आणि मुलगी एवढी खूश मी कित्येक महिन्यांत बघितली नव्हती. मी तिथंच लोखंडी बाकावर बसले. तेलकट वेणी मानेला चिकटली होती, तिच्यावर धूळ बसत होती, आणि मी सकाळच्या बादल्या मोजत होते.

संध्याकाळी एका धाब्यावर ज्वारीची भाकरी, येसराची म्हणजे भाजक्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी आणि ठेचा खाल्ला. आमटी अशी झणझणीत, की दिवसभराचा वैताग तिच्यापुढं विसरायला झाला. त्या दोन दिवसांत विनातक्रार पार पडलेली गोष्ट ती एवढीच.

रविवार

सकाळी सातला मी बाथरूममध्ये शिरले. घरून शिकेकाईची पूड आणली होती. ती गरम पाण्यात कालवली, केस ओले केले, आणि मुळांपासून टोकांपर्यंत सगळी शिकेकाई चोळून घेतली. ज्यांनी कधी शिकेकाई लावली नाही त्यांना सांगते, शाम्पू टॉवेलनं पुसून तरी निघेल, पण शिकेकाई निघत नाही. ती केसांत वाळली की वाळू भरल्यासारखी होते, आणि डोळ्यांत गेली तर विचारू नका. मी डोळे मिटून नळाकडं हात नेला. धार होती. मग बारीक झाली. मग थेंब थेंब पडले. मग हवा.

"अहो!" मी ओरडले. "पाणी गेलं!"

बाहेरून उत्तर नाही. दोन मिनिटांनी आवाज आले, पण ते शिवराजांचे एकट्याचे नव्हते. मी एका डोळ्यानं बघत कसाबसा गाऊन चढवला, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि दार उघडलं. खोलीत मॅनेजर उभा होता. त्याच्या एका हातात भरलेला कॅन, दुसऱ्या हातात रिकामा. शिवराज बेसिनपाशी, हातात हिरव्या पाइपचा तुकडा घेऊन. गौरी पलंगावर तोंडावर उशी दाबून.

"ही लॉज हाय का तळं हाय साहेब?" मॅनेजर म्हणत होता. "जिन्यात गाठलं मी ह्यांला. चोवीस तास पाणी पिण्या-न्हाण्यापायी लिवलंय, टँकर भरून न्यायला न्हाई! वॉल बंद केलाय मी. रूम खाली करा."

"दादा, एक बादली द्या फक्त," मी म्हणाले. "डोक्यात शिकेकाई आहे."

त्यानं माझ्या टॉवेलकडं बघितलं, मग शिवराजांकडं. "तुमची बादली तुमच्या मिस्टरांनी नेली की ताई."

पंधरा मिनिटांत आम्ही रस्त्यावर होतो. दोन्ही कॅन मॅनेजरनं ठेवून घेतले. समोरच्या गॅरेजमधले मेकॅनिक पाने हातात धरून आमची वरात बघत होते. टॉवेलमधून तपकिरी ओघळ माझ्या मानेवरून पाठीत उतरत होते, एक डोळा उघडत नव्हता, आणि त्या अवस्थेत मी गाडीत बसले. पुढच्या चार किलोमीटरांत मी शिवराजांना जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. थोडक्यात सांगायचं तर मी त्यांना विचारलं, की पाण्यासाठी एवढा जीव का निघतो? बायको आत डोकं धुतेय, दहा मिनिटं थांबता येत नव्हतं? हे गाडी चालवत राहिले. "घरी लागतं," एवढंच म्हणाले. गौरी मागून म्हणाली, "मम्मी, तुझ्या कानाला मुंगी आलीय." मला रडू आलं. रागाचं होतं, पण रडूच होतं.

जायला एकच जागा उरली होती.

अक्का अंगणात लिंबाखाली बसून शेंगा फोडत होती. तिनं टॉवेल बघितला. "डोक्यात काय हाय?"

"शिकेकाई."

"आन् पाणी?"

मला आता खोटं बोलायचा आणि मान राखायचा, दोन्हीचा कंटाळा आला होता. मी सगळं सांगितलं. लातूरचे आहोत, गाडी चोवीसची, बॅगेत धुवायच्या बेडशीटा आहेत, यांनी हॉटेलचं पाणी चोरलं, दोन कॅन पकडले गेले.

"आन् बाकीचे?" अक्कानं विचारलं. "लातूरचा माणूस दोनच कॅन घेऊन निघत न्हाई. आधीच्या खेपा झाल्याच आसतील."

मी शिवराजांकडं वळून बघितलं. ते लिंबाच्या झाडाकडं बघत होते.

"डिकीत दोन आहेत," ते म्हणाले. "भरलेले."

"कशापायी भरलं वो येवढं?" अक्का म्हणाली. "घरी काय लगीन हाय?"

शिवराज माझ्याकडं न बघता अक्काला म्हणाले, "हिनं सोमवारी केस कापायचं ठरवलंय. मला वाटलं, ऐंशी लिटर नेलं तर दोन येळा डोकं धुवायचं होईल. तवर टँकर येईल, मग परत बघता येईल. मग न्हाई कापायची ती."

अक्का एक शेंग फोडत होती. मला एकाच वेळी या माणसाच्या डोक्यात तांब्या घालावासा वाटला आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकावंसं वाटलं. टेकायची सोय नव्हती, कारण शर्ट पांढरा होता.

"हे मला सांगायला तुम्हाला काय झालं होतं?" मी म्हणाले.

"तू म्हणली असतीस, चोरी आहे."

"आहेच!"

"चोरीचं तर चोरीचं," अक्का उठत म्हणाली. "माझ्या बोअरचा तांब्याबी मिळायचा न्हाई. तुम्ही काल मुक्कामाला राहिला न्हाईत. जावा, कॅन आणा, आन् हितं बसवा बायकोला."

तिनं फरशीवर कपडे धुवायचा मोठा टब ठेवला, समोर पाट टाकला. मी त्यावर बसले आणि केस पुढं टबात सोडले. शिवराज कॅन कलता करून तांब्या भरायचे आणि माझ्या डोक्यावर धार धरायचे. धार कसली, डोळ्यांत औषध घालावं तसे थेंब. वर्षभराची सवय. एक तांब्या पाच मिनिटं पुरवत होते.

"ओता हो!"

"पुरवून वापरतोय."

"मला पुरवून नको! ओता!"

गौरी हसत सुटली. शेवटी अक्कानंच त्यांच्या हातातला तांब्या काढून घेतला. "दोन्ही हातानं उचला आन् रिकामा करा त्यो कॅन," ती म्हणाली. शिवराजांनी कॅन उचलला आणि माझ्या डोक्यावर पालथा केला.

ते पाणी आदल्या दिवसाच्या उन्हानं हॉटेलच्या टाकीतच तापून कोमट राहिलेलं होतं. त्याला प्लास्टिकचा वास येत होता. माझ्या कानात, नाकात, पाठीत सगळीकडं ते गेलं, आणि शिकेकाई सुटून बोटांतून केस सळसळत निघाले. वीस-बावीस दिवसांनी माझ्या डोक्याला माझेच केस हलके लागले. दुसरा कॅनही तसाच ओतला. मी दोन्ही हातांनी केस धरून टबात पिळले.

मग सुरू झालं भांडण. टबात साचलेलं तपकिरी पाणी कुणाचं? अक्का म्हणाली, टब माझा, अंगण माझं, ते लॉजच्या संडासाला जाईल. शिवराज म्हणाले, पाणी आमचं, ते लातूरला जाईल. मी केस पुसत ऐकत होते. उष्ट्या पाण्यासाठी अर्धा तास हुज्जत घालणारी ही दोन माणसं एकाच शिवाची पूजा करणारी होती, आणि दोघंही तितक्याच गंभीरपणे भांडत होती. शेवटी निम्मं-निम्मं ठरलं. अक्कानं मापाला स्वतःचा तांब्या घेतला आणि एक तुझा, एक माझा असं करत वाटणी केली. मग आम्हाला चहा दिला, गौरीच्या ओंजळीत शेंगा घातल्या. निघताना म्हणाली, "पुढच्या टायमाला सरळ हितंच उतरा. सांगून या, लातूरचे हाय म्हणून. दोन बादल्या म्हणजे दोनच."

सोमवार, लातूर

शेजारच्या काकूंनी सकाळीच दारातून विचारलं, "काय आणलं सहलीहून?" माहूरला गेलेला माणूस रेणुकेचा तांबूल आणतो, नांदेडला गेलेला काही ना काही आणतो. आम्ही भोकरहून माझं डोकं धुतलेलं पाणी आणलं होतं, सव्वादोनशे किलोमीटर, डिकीत कपड्यांचे बोळे लावून, न सांडता. मी काकूंना शेंगा दिल्या आणि विषय बदलला.

शिवराजांनी दुकानाला जायच्या आधी त्या पाण्यानं फरशी पुसायला घेतली. कधी पुसत नाहीत, त्या दिवशी पुसली. घरभर शिकेकाईचा वास सुटला. गौरी झोपेतून उठून आली आणि म्हणाली, "मम्मी, आज तुझ्यासारखा वास येतोय सगळीकडं." मी पार्लरवाल्या ताईला फोन लावला आणि सांगितलं, आज येत नाही.

"मग कधी येताय?" तिनं विचारलं. "उद्याची वेळ देऊ?"

हे तेव्हा उंबऱ्यापाशी उकिडवे बसून फडकं पिळत होते. दोनदा पिळलं, तिसऱ्यांदा पिळलं, आणि बोटावर राहिलेला थेंबही बादलीच्या काठाला पुसून आत सोडला.

"नको," मी म्हणाले. "सध्या राहू दे."